मुंबई–दुबई: अंतर एक, वेळा दोन

हे अंतर मी आयतं न घेता कागदावर काढलं, आणि चूक नेमकी कुठे होते ते कळलं. सहारचं विमानतळ 19.09 अंश उत्तर, 72.87 पूर्व. दुबईचं मुख्य विमानतळ डीएक्सबी 25.25 उत्तर, 55.36 पूर्व. अक्षांशांतला फरक 6.16, अंशाला 111 किमी धरले की 684 किमी. रेखांशांतला फरक 17.51. त्यालाही सरळ 111 ने गुणलं, दोन्हींवर पायथागोरस लावला आणि उत्तर आलं 2,060 किमी, म्हणजे सव्वाशेहून जास्त किलोमीटर फुगलेलं. विषुववृत्तापासून वर जावं तसे रेखांश जवळ येत जातात, म्हणून मधल्या अक्षांशाच्या (22.17) कोसाइनने, 0.926 ने, गुणावं लागतं. तसं केलं की 1,800 होतात. मग पुन्हा पायथागोरस: 1,925 किमी. गोलावरच्या सूत्राने 1,926, म्हणजे 1,040 नॉटिकल मैल. एवढ्या अंतराला शाळेतलं गणित पुरतं. मुंबई–न्यूयॉर्कला ते लावू नका.

वेळ काढताना भागाकारावर विसंबू नये. ताशी 830 किमीने 1,926 किमीला 2 तास 19 मिनिटं लागतात, पण तिकिटावर जाताना साधारण सव्वातीन-साडेतीन तास दिसतात आणि येताना पावणेतीन-तीन. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढतानाचा-उतरतानाचा कमी वेग आणि उशिरासाठी ठेवलेली थोडी सैल जागा हे सगळं येतं. उरलेला फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. तो ताशी 100 किमी धरला तर जाताना 2 तास 38 मिनिटं, येताना 2 तास 4 मिनिटं. हवेतच चौतीस मिनिटांचा फरक.

येताना वाचलेल्या मिनिटांतली काही मुंबईच खाते. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वापर बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून होतो. जाताना विमान उडतं ते थेट समुद्राच्या, म्हणजे वाटेच्याच दिशेने. येताना मात्र समुद्राकडून येऊन, शहर ओलांडून पूर्वेला जावं लागतं आणि वळून उतरावं लागतं. गर्दी असली तर त्याआधी घिरट्या. खाली मुंबई दिसली की लगेच उतरणार असं धरून घरच्यांना निघायला सांगू नये.

आता घड्याळ. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, बाराही महिने. दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. सकाळी 10 ला निघून 11.50 ला पोचलात तर प्रवास 1 तास 50 मिनिटांचा नाही, 3 तास 20 मिनिटांचा. उलट, दुबईहून 12 तारखेला रात्री 10 ला सुटलेलं, 2 तास 50 मिनिटांचं विमान 13 तारखेला पहाटे 2.20 ला उतरतं. तिकिटावरचा बारीक ‘+1’ न पाहता लोक गाडी 12 च्या पहाटेची सांगून ठेवतात.

तिकिटावरचा विमानतळाचा कोडही वाचा. डीडब्ल्यूसी हे दुबईचंच, पण जेबेल अलीकडचं वेगळं विमानतळ. इकडे नवी मुंबईचा कोड एनएमआय. जोडविमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर मधला रस्ता, पुन्हा चेक-इन आणि इमिग्रेशन हे सगळं हिशोबात धरावं लागतं. बहुतेक कंपन्यांचं काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतं, आणि त्यासाठी घड्याळ त्या गावचं चालतं, तुमच्या मनगटावरचं नव्हे.