आर्नोकाठी पाहिलेली रेघ

मे २०१७. नववीची परीक्षा संपली आणि आम्ही १९ मुलं, चित्रकलेचे सर आणि इतिहासाच्या बाई असे कोल्हापूरहून इटलीला निघालो. शाळेची परदेशातली ही पहिलीच सहल. घरोघरी दोन वर्षं हप्ते भरले जात होते. माझा शेवटचा हप्ता वडिलांनी ऊसबिल जमा झालं त्याच दिवशी भरला आणि पावती देवापुढं ठेवली. ती आईनं अजून जपून ठेवली आहे.

त्याआधी जानेवारीत सरांनी आम्हाला खिद्रापूरला नेलं होतं. "रोम बघायचंय ना? मग आधी हे बघा," म्हणाले. कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाखाली आम्हाला उताणं झोपवलं. भोवती ४८ खांब आणि वर आभाळाचा गोल तुकडा. त्या गोलातून आलेलं ऊन फरशीवर कसं सरकतं ते दर अर्ध्या तासानं वहीत काढायचं होतं. दुपारपर्यंत माझी चार पानं भरली. सहलीचा नियमही तिथंच ठरला: आधी वही, मग फोटो.

रोममध्ये पँथिऑनच्या आत पाऊल टाकलं आणि सर काही बोलायच्या आधीच मागून कुणीतरी ओरडलं, "खिद्रापूर!" साधारण १९०० वर्षांपूर्वीचं ते रोमन देऊळ. घुमट ४३ मीटर व्यासाचा आणि त्याच्या माथ्यावर उघडा ठेवलेला गोल, सुमारे नऊ मीटरचा. पाऊस आला तर थेट आत पडतो, म्हणून फरशीला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन कारागिरांना देवळाच्या माथ्यावर आभाळ हवंसं वाटलं, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं. आजही वाटतं.

बाकी रोम मला पळतच आठवतं. उन्हातल्या रांगा, रस्त्याकडेच्या नळाचं गार पाणी, रात्री हॉटेलात चिवडा आणि शेंगदाण्याच्या चटणीची वाटणी. खरी सहल सुरू झाली ती आर्नो नदीकाठच्या फ्लॉरेन्सला.

डेव्हिडचा पुतळा पाच मीटरहून उंच आहे. आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट टाकून दिलेल्या संगमरवरातून मायकेलअँजेलोनं तो १५०१ ते १५०४ या काळात घडवला. सगळे त्याच्यापुढं उभे होते. मी मात्र अलीकडच्या दालनातल्या अपुऱ्या पुतळ्यांपाशी थांबले. दगडातून अर्धे बाहेर आलेले ते बंदिवान, आणि अंगभर टाकीच्या रेघा. आमच्या गल्लीत पाट्याला टाकी लावायला पाथरवट यायचे, त्यांच्या छिन्नीच्या रेघा अशाच असायच्या. हात कुठून कुठं गेला ते दिसत होतं. माझ्या वहीतलं सगळ्यांत बरं चित्र त्यांचंच आहे.

दुसऱ्या दिवशी सांता क्रोचे हे चर्च. त्या भागातल्या गल्लीतून जाताना बाईंनी भिंतीवरच्या एका छोट्या पाटीकडं बोट दाखवलं. पाटीवर एक रेघ आणि तारीख: ४ नोव्हेंबर १९६६. रेघ आमच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. "इथवर आर्नोचं पाणी आलं होतं," बाई म्हणाल्या. आम्ही सगळे गप्प झालो. २००५ च्या पंचगंगेच्या पुरात आमच्यातले बहुतेक जण कडेवर होते, पण घरातल्या बोलण्यातून तो पूर प्रत्येकाला पाठ होता.

आत चिमाबुए या चित्रकाराचा लाकडी क्रूस पाहिला. तेराव्या शतकातला, माणसाच्या दुप्पट उंचीचा. त्या पुरात त्याचा सुमारे ६० टक्के रंग गेला. दुरुस्त करणाऱ्यांनी गेलेल्या जागी नवं चित्र काढलं नाही. बारीक रेषांचा मंद रंग भरून ठेवला, म्हणजे लांबून एकसंध दिसतं आणि जवळून गेलं काय, राहिलं काय ते कळतं. "गेलेलं गेलं म्हणून दाखवलंय. खोटं रंगवलं नाही," सर म्हणाले आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत. पुढं वासारी या चित्रकाराचं 'अखेरचं भोजन'. पाच फळ्यांवरचं हे चित्र बारा तासांहून अधिक काळ पाण्यात होतं. ते नीट होऊन परत लागायला ५० वर्षं लागली. आम्ही पोचण्याच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, ते तिथं लावलं होतं. आता पुराचा इशारा आला की ते वर उचलून घेण्याची सोय केली आहे.

पण त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते बाईंनी सांगितलेल्या मुलांच्या गोष्टीनं. पुरानंतर देशोदेशीचे विद्यार्थी फ्लॉरेन्सला आले. चिखलाचे देवदूत, असं तिथले लोक त्यांना म्हणतात. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरापासून वरपर्यंत त्यांनी रांग लावली आणि चिखलानं माखलेली पुस्तकं हातोहात बाहेर काढली. पानांच्या मध्ये टिपकागद घातले. कितीतरी पुस्तकं तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्ये नेऊन सुकवली. हे ऐकून निपाणीकडचा आमचा वर्गमित्र एकदम पुढं आला. तंबाखूला ऊन किती, वारा किती हे त्याला घरातच माहीत होतं. "मंद आच लागते बाई, घाई केली की पान चुरतं," तो म्हणाला. नऊ दिवसांत तो पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलला असेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कोल्हापूरकर म्हणून जिथं जायलाच हवं होतं तिथं गेलो. कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराज फ्लॉरेन्समध्ये गेले. वय अवघं २० वर्षं. प्रेत जाळण्याची चाल नसलेल्या त्या शहरानं खास परवानगी दिली आणि संगमावर, आपल्या रीतीनं, रात्री दहन झालं. पुढं १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढं आपला नवा राजवाडा आखला. आतला रंगीत अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. जवळच्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

चालून पाय भरून आले होते. पगडीतला तो कोवळा चेहरा दिसला आणि पुढच्या मुलानं, कुणी न सांगता, वाकून मुजरा केला. मग सगळ्यांनी केला. दोन नद्या एकत्र येताना पाहून मला प्रयाग चिखलीचा आपला संगम आठवला. घरापासून इतक्या लांब, परक्या भाषेच्या गावात, बरोबरच्या माणसांनी शेवटी संगम शोधून काढला, या विचारानं मला रडू आलं. बाईंनी पाठीवर हात ठेवला, बोलल्या काही नाहीत.

दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. ४३ फूट ही धोक्याची पातळी. शाळेच्या तळमजल्यात पाणी शिरलं. मी तेव्हा बारावीत होते. पाणी ओसरल्यावर सरांचा फोन आला, "ये. ग्रंथालय उघडतोय." इटलीला गेलेल्या १९ पैकी ११ जण आले. कुणी मेळ घातला नव्हता, पण दारापासून जिन्यापर्यंत रांग आपोआप लागली. उन्हात पुस्तकं टाकायची नाहीत, पानं ओढून सुटी करायची नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. पहिल्या मजल्यावरच्या वर्गांत दोऱ्या बांधल्या, पंखे लावले, पानापानांत कोरे कागद घातले आणि ओले झाले की बदलले. निपाणीचा मित्र रोज दोनदा प्रत्येक पुस्तकावर तळहात ठेवून बघायचा. असे २३ दिवस गेले.

बरीच पुस्तकं गेली, त्याची हळहळ अजून आहे. पण जनरल रजिस्टरचे सगळे खंड वाचले. पहिल्या तुकडीच्या पानावर शाई पसरली आहे, तरी नावं लागतात. कडा तुटलेल्या तशाच ठेवल्या, वर नवा कागद चिकटवला नाही. तो निर्णय सरांचा होता.

शेवटच्या दिवशी सरांनी ग्रंथालयाच्या दाराशेजारी, पाण्याचा डाग जिथवर होता तिथं, निळ्या रंगानं एक रेघ ओढली आणि खाली तारीख घातली. ती माझ्या खांद्याच्या थोडी वर येते. शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी इमारतीचं रंगकाम सुरू झाल्याचं परवा कळलं. रंगाऱ्यांना तेवढी रेघ सोडायला सांगावं, ही संस्थेला हात जोडून विनंती.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी २०१८