ऑक्टोबरातली आगोट

सिॲटलला जायचं ठरलं तेव्हा जो तो मला पावसाची भीती घालत होता. मला हसू यायचं. मी चिपळूणची. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. सिॲटलचा अख्ख्या वर्षाचा हिशोब ९५० च्या आसपास. न्यूयॉर्कलासुद्धा याहून जास्त पडतो. आमच्या आषाढातल्या एका झडीत हे शहर वाहून जाईल, असं मी पहिल्याच आठवड्यात ऑफिसात ऐकवून टाकलं होतं.

ऑक्टोबर लागला आणि माझी जीभ आवरली. इथला पाऊस कोसळत नाही. तो नुसता असतो. सकाळी भुरभुर, दुपारी भुरभुर, मधे थांबला तरी रस्ता वाळत नाही, कारण वाळवायला ऊनच नाही. छत्री उघडणारा माणूस बाहेरगावचा समजतात. पण सायकलवाल्यांसाठी खरी गंमत पुढेच आहे. इथे वरून पडणाऱ्या पावसापेक्षा खालून उडणारा पाऊस जास्त.

मी बॅलर्डमध्ये राहते. ऑफिस साउथ लेक युनियनला, सात-आठ किलोमीटरवर. बर्क-गिलमन ट्रेल म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलची वाट. तिच्यावरून फ्रीमाँटपर्यंत यायचं, मग तो निळा-नारिंगी उघडझाप पूल ओलांडायचा आणि तळ्याच्या काठाने पुढे. पुलावर २०१२ साली बसवलेलं सायकली मोजायचं यंत्र आहे. आपण गेलो की आकडा एकाने वाढतो, एवढ्या आनंदावरही मी थोडे दिवस सायकल चालवली. सायकल जुनी घेतलेली रोड बाइक: बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, वजनाला हलकी. आणि मडगार्ड? नाही. एवढ्या महागाच्या सायकलला मडगार्ड वेगळं विकत घ्यायचं असतं, हे मला इथे येऊन कळलं. आपल्याकडे सायकल म्हटली की मडगार्ड, घंटी आणि स्टँड आलंच. मडगार्ड असतं म्हणून ते दिसत नाही, काढल्यावरच दिसतं.

ते काढायचं काम आमच्या दादाने केलं होतं. नववीत असताना. "रेसर दिसते," म्हणायचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत तांबड्या मातीची एक सरळ रेघ उमटायला लागली. आई न्हाणीघरात वडी साबण घासताना जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या लेडीज सायकलला मडगार्डं शाबूत होती, त्यामुळे मी त्या वेळी फार शहाण्यासारखी हसले होते.

तर ती रेघ मला ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मिळाली. फक्त इथली काळी असते. ओळखीतल्या काही जणांबरोबर मर्सर आयलंडला फेरी मारायला निघालो होतो. सिॲटलहून त्या बेटावर जायला लेक वॉशिंग्टनवरचा तरंगता पूल आहे, आणि त्याच्या कडेने सायकलची वाट. मी हौसेने पुढे गेले. पाच मिनिटांनी मागून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ शेजारी आले आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही शेवटी राहिलात तर बरं." मला वाटलं, माझा वेग कमी पडतोय. मग त्यांनी चष्मा पुसला. माझ्या मागच्या चाकाचं पाणी सगळं त्यांच्या तोंडावर जात होतं. इथे हा अलिखित नियमच आहे: हिवाळ्यात ज्याला मडगार्ड नाही त्याने रांगेच्या शेवटी राहायचं. मी आयुष्यभर समजत आले की मडगार्ड आपल्या पाठीसाठी असतं.

आधी मी स्वस्तातला मार्ग काढला. सीटखाली खोचायची प्लॅस्टिकची जीभ मिळते, ती लावली. पाठ वाचली. बाकी काहीच नाही. कारण पुढचं चाक जे पाणी उडवतं ते थेट बुटांवर आणि पेडलच्या दांड्याच्या बेअरिंगवर जातं, आणि त्या पाण्यात वाळूही असते. ऑफिसात दिवसभर ओल्या मोज्यांत बसणं काय असतं, ते कुणाला सांगू नये. जानेवारीपर्यंत चेनही कुरकुरायला लागली. पुढचं मडगार्ड मागच्याहून महत्त्वाचं, हे मी पाच महिने भिजून शिकले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरातच दुकानात गेले. म्हटलं, आपल्याकडे पावसाळ्याआधी, आगोटीला, सुकट, मीठमसाला, लाकूडफाटा भरून ठेवतात, तशी ही माझी आगोट. काउंटरमागच्या मुलीने ५ मिलिमीटरची ॲलन की घेतली आणि टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत घालून पाहिली. जाईना. ४ ची घातली, ती घासत गेली. मग तिने चिमट्याची टोकं दाखवली. साध्या सायकलला तिथे मडगार्डच्या सळ्यांसाठी छिद्रं असतात. माझ्या सायकलला नाहीत. ही शर्यतीसाठी बनवलेली. चाक सांगाड्याला इतकं चिकटून, ब्रेकचे हात इतके आखूड की मधे मडगार्ड मावायला जागाच ठेवलेली नाही. दादाने मडगार्ड काढून सायकलची रेसर केली होती. ही जन्मानेच रेसर.

यावर जर्मनीच्या एसकेएस कंपनीने तोड काढलेली आहे. त्यांचं एक मडगार्ड ब्रेकखालून जातच नाही. ब्रेकपाशी ते तुटतं आणि पलीकडे पुन्हा सुरू होतं. ब्रेकच्याच बोल्टात एक पातळ पट्टी अडकवायची आणि सळ्यांना आधार द्यायचा चाकाच्या क्विक रिलीजच्या, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवायच्या, दांडीवर. सांगाड्याला छिद्र नसलं तरी चालतं. माझे टायर मात्र २८ मिलिमीटरचे होते, ते उतरवून २५ चे घालावे लागले.

दुकानवाली म्हणाली, अर्ध्या तासाचं काम आहे. मला एक शनिवार पुरला नाही. स्वयंपाकघरात पुठ्ठा अंथरून, सायकल उलटी करून बसले. ब्रेकचा बोल्ट सोडला, पट्टी घातली, आवळला, तर ब्रेक एका बाजूला कलला. तो सरळ केला, तर मडगार्ड डावीकडे घासायला लागलं. चाक फिरवलं की खर्र, थांब, खर्र, थांब. सळी अंगठ्याने जराशी वाकवली, मग उजवीकडे खर्र. शेवटी एक वायसर जास्तीचा घातला आणि आवाज गेला. वायसर! चिपळूणच्या सायकलवाल्याच्या पत्र्याच्या डब्यात मूठभर पडलेले असायचे. इथे एकासाठी हार्डवेअरच्या दुकानात दोन खेपा.

दोन गोष्टी मात्र कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणून सायकलचा सांगाडा लहान, म्हणून पेडल आणि पुढचं चाक जवळजवळ. मडगार्ड बसल्यावर हळू वेगात वळताना बुटाचं टोक त्याला लागतं. सिग्नलला एकदा पडता पडता वाचले. आता वळताना बाहेरच्या बाजूचा पाय मुद्दाम मागे ठेवते. दुसरं म्हणजे पुढच्या सळ्या. मडगार्ड आणि टायरच्या मधे काटकी अडकली तर मडगार्ड चुरगळून चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे. म्हणून चांगल्या मडगार्डाच्या पुढच्या सळ्या ओढ बसली की आपोआप सुटतील अशा असतात. त्या सुटतात का, हे घरी ओढून बघावं. नोव्हेंबरात या वाटेवर मेपलची ताटलीएवढी पानं पडतात, ओली, चिकट. ती गेली की टायरखाली फर्रर्र आवाज येतो आणि दर वेळी माझं काळीज हलतं.

राहिली झालर, मडगार्डच्या खालच्या टोकाला लोंबणारी पट्टी. मडगार्ड जमिनीपासून फार वर संपलं तर बूट भिजतातच, आणि मागच्याचं तोंडही. विकतही मिळते, पण पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी मला त्यांची दाखवली होती: दुधाचा गॅलनचा रिकामा कॅन कापून, दोन भोकं पाडून, बोल्टने जोडलेली. मीही तशीच केली. पुढची जमिनीपासून चार बोटं वर. चहाच्या दुधाचा कॅन सत्कारणी लागला. आपल्याकडच्या झालरींवर नाव रंगवतात, त्याची आठवण होऊन मी मार्करने "चिपळूण" लिहिलं. दुसऱ्या दिवशी धुऊन गेलं.

पण बूट कोरडे! मोजे कोरडे! डिसेंबरात इथे साडेचारच्या आत अंधार पडतो, दिवे लावून घरी येते, आणि आईचा फोन येतो तेव्हा "अगं, पाऊस आहे तर बसने जा की," याला उत्तर द्यायला तोंड उरतं.

सायकलचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दादाने विचारलं, कितीला पडलं? साठ डॉलर म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. रात्री त्याच्याकडून एक फोटो आला. माळ्यावरची दोन पत्र्याची मडगार्डं, हिरवी, कडेला गंजलेली. नववीत काढलेली. माळ्यावर होती म्हणून २०२१ च्या पुरातही वाचली. खाली लिहिलं होतं, "पाठवू का? दोनही आहेत."