पहिलीचा वर्ग, शिमगा आणि एक किलो काजू

पहिलीला शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा की वर्षातला सगळ्यात आवडता काळ कोणता, बहुतेक जणी फेब्रुवारी ते एप्रिल असंच सांगतील. माझं तर अगदी ठाम मत आहे. जूनमध्ये आलेलं पोर आईचा पदर सोडत नाही, पावसाळा रडारड आणि ओळख यातच जातो, दिवाळीनंतर कुठे काना-मात्रा-वेलांटी जमायला लागते, आणि मग आंब्याला मोहोर आला की वर्गात एकदम काहीतरी होतं. परवापर्यंत क... म... ळ... असं एकेक अक्षर ओढत बसलेलं पोर सरळ अख्खं वाक्य वाचून टाकतं, आणि वाचून झालं की माझ्याकडे असं बघतं की बाई, हे मीच वाचलं ना? त्या बघण्यासाठी मी पहिलीचा वर्ग मागून घेते दरवर्षी.

मी दापोली तालुक्यात किनाऱ्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पट कमी, त्यामुळे पहिली-दुसरी एकाच खोलीत बसतात, मार्चपासून सकाळची शाळा. आणि माझा अनुभव असा की या दिवसांत कोकणात शाळेच्या बाहेर जे चालू असतं ना, त्याच्याइतकं चांगलं शैक्षणिक साहित्य कुठल्याच पेटीत मिळत नाही. पुस्तक बाजूला ठेवा असं मी अजिबात म्हणत नाहीये, पुस्तक पूर्ण होतंच, पण पोर ज्या गोष्टीबद्दल घरी दिवसभर बोलत असतं ती गोष्ट आधी फळ्यावर आली पाहिजे, मग पुस्तक आपोआप सोपं जातं.

सुरुवात मोहोरापासून करते. शाळेच्या मागे आंब्याचं एक कलम आहे, त्याच्या खालच्या फांदीवरच्या काही मोहोरांना आम्ही रंगीत लोकरीचे धागे बांधतो, लाल धागा एका गटाचा, पिवळा दुसऱ्याचा. मग आठवड्यातून एकदा सगळी जाऊन बघून यायचं. आंब्याच्या एका मोहोरावर शेकडो, कधी हजारावर फुलं असतात, त्यातली बरीचशी नर फुलं असतात त्यांना फळ धरतच नाही, आणि जी धरतात त्यातलीही बहुतेक गळून जातात, हे सगळं पोरांना शब्दांत सांगून काही कळत नाही. पण आपल्या धाग्यावर आधी खूप बारीक बारीक कण्या होत्या, मग त्यातल्या थोड्याच उरल्या, मग एकच उरली, हे ती स्वतः मोजतात तेव्हा वजाबाकी म्हणजे काय ते कळतं. “आधी नऊ व्हत्या, सात पडल्या, दोन रवल्या.” अहो हेच तर उदाहरण आहे! कैरीचा आकार सांगायला बागायतदारांची भाषा आहेच, वाटाण्याएवढी, सुपारीएवढी, अंड्याएवढी, ती पोरांना घरातूनच येते, मग आम्ही खरंच वाटाणा, सुपारी आणि अंडं टेबलावर ठेवून लहान-मोठा क्रम लावतो. एका वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि मोहोर काळा पडला तेव्हा पोरं इतकी हिरमुसली, पण घरी बाबा काय म्हणाले, फवारणी किती वेळा केली, हे सगळं त्यांनी वर्गात सांगितलं, आणि मी त्या दिवशी दुसरं काहीच घेतलं नाही, फक्त ऐकलं.

आता काजू. या काळात आमच्याकडे पोरांच्या खिशात काजूच्या बिया असतातच, चड्डीच्या खिशात, दप्तरात, कंपासपेटीत. बिया मांडून नेमबाजीचा खेळ मधल्या सुट्टीत जोरात चालतो. काही शाळांमध्ये बिया आणायला बंदी घालतात, मी घालत नाही, फक्त एक नियम कडक आहे की बी फोडायची नाही आणि तोंडात घालायची नाही, कारण सालातला चीक अंगाला लागला तर कातडी भाजते, आणि हे पोरांना माहीत असतं, कुणाच्या ना कुणाच्या ओठाला कधीतरी लागलेलंच असतं.

तर या बियांवर आमचं दशक-एकक होतं. दहा बिया मोजायच्या, एका करवंटीत टाकायच्या, ती करवंटी म्हणजे एक दशक. उरलेल्या बाहेर. तीन करवंट्या आणि चार सुट्या, म्हणजे चौतीस. शाळेला किटमध्ये प्लास्टिकचे ठोकळे मिळालेत, चांगले आहेत, वापरते मी, पण काजूच्या बीला किंमत आहे हे पोरांना माहीत असल्यामुळे ती बी मोजताना चूक होऊ देत नाहीत. ठोकळे तेरा आले काय नि चौदा आले काय, कुणी भांडत नाही. बिया एक जरी कमी भरली तरी सगळा गट परत मोजतो!

आणि मग येतो शंभराचा दिवस. मला हा दिवस सगळ्यात जास्त आवडतो. पहिलीत शंभरपर्यंत जायचं असतं, आणि शंभर ही संख्या तशी फार मोठी आहे हो त्या वयाला, नुसती म्हणून दाखवतात पण डोळ्यासमोर काही येत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-७ नावाची काजूची जात आहे, तिची बी मोठी, साधारण १० ग्रॅमची, आमच्या गावात बऱ्याच जणांकडे लावलीय. म्हणजे एक किलोत जवळजवळ शंभर बिया. एका पालकांकडून एक किलो बिया आणि दुकानातून तराजू मागून आणला, एका पारड्यात किलोचं वजन आणि दुसऱ्यात पोरांनी एकेक करून बी टाकायची, सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजायचं. नव्वदच्या पुढे गेल्यावर आवाज आपोआप वाढतो. शंभरच्या आसपास पारडं खाली आलं तेव्हा जो आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. मग गावठी काजूच्या बारीक बिया घेऊन तेच केलं, तर शंभर झाल्या तरी पारडं हलेना. का नाही हललं? हा प्रश्न मी विचारला नाही, एका पोराने विचारला. “ह्या बारीक हायत म्हणून जास्त लागतत.” पहिलीतलं पोर आहे ते.

मध्येच शिमगा येतो आणि पट निम्म्यावर येतो, त्यात आश्चर्य काही नाही. मुंबईवरून चाकरमानी आलेले असतात, रात्री जागरण, पालखी घरोघर फिरत असते, ज्याच्या घरी पालखी यायची ते पोर त्या दिवशी शाळेत येणारच नाही आणि यावं असं मला वाटतही नाही. जी येतात ती मधल्या सुट्टीत खोक्याची पालखी करून नाचवतात, शिमग्यातल्या सोंगांपैकी एक जण संकासुर होतो, टॉवेल बांधून कुणी गोमू होतो, डब्याचा ढोल. आम्ही ती खोक्याची पालखी कार्यानुभवाच्या तासालाच करून घेतो, झेंडूच्या माळा, सोनेरी कागद, दोन बाजूंना बांबूच्या काठ्या.

पण खरं काम शिमग्यानंतर होतं. सगळी परत आली की मी खडू घेऊन फळ्याजवळ उभी राहते आणि एकेकाला सांगायला लावते की तुझ्या घरी काय झालं. आणि पोर जे बोलेल ते, जसं बोलेल तसं, मी फळ्यावर लिहिते. “आमच्या घरा पालखी आली व्हती.” “आजीन नारल दिला.” “माजो काका पालखी नाचवतो.” नाव खाली लिहायचं, वाक्य कुणाचं ते. मग ते वाक्य पोराने स्वतः वाचायचं. गंमत अशी की जे पोर पुस्तकातली दोन अक्षरी शब्दांची ओळ वाचताना अडखळतं तेच पोर स्वतःचं चार शब्दांचं वाक्य वाचतं, कारण त्याला माहितीय तिथे काय लिहिलंय, त्याचंच आहे ते. नंतर तीच वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून कात्रीने शब्द सुटे करते, आणि शब्द उलटसुलट करून परत वाक्य जुळवायचं. आजी, नारळ, पालखी हे शब्द दहा वेळा डोळ्याखालून जातात. त्याच वाक्याखाली दुसऱ्या रंगाच्या खडूने पुस्तकी मराठीतलं वाक्य लिहिते, दोन्ही वाचायची, घरचं पुसायचं नाही. एकदा एका पालकांनी विचारलं, बाई हे असलं गावठी कशाला लिहून घेता, पोरं बिघडतील. मी त्यांना वर्गात बसवलं आणि त्यांच्याच मुलीने वाचून दाखवलं. परत काही बोलले नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी तिच्या आजीने नमनातलं, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातलं, काय काय सांगितलं ते तिच्याबरोबर पाठवून दिलं.

बाकीचे दिवस पण साजरे होतात, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन, २८ला विज्ञान दिन (पहिलीला आम्ही फक्त बुडतं-तरतं घेतो, आंबा, सुपारी, शंख, बूच), २० मार्चला चिमणी दिन, त्या दिवशी करवंट्यांत पाणी भरून झाडाला टांगायचं. पाणी रोज कोण भरणार याची पाळी पोरंच लावतात. याच दिवसांत तांबट पक्षी सकाळपासून टुक-टुक-टुक करत असतो, तर डोळे मिटून बसायचं आणि तो थांबेपर्यंत मनात मोजायचं. वर्ग इतका शांत एरवी कधीच नसतो. सुरंगीच्या फुलांच्या वळेसरामुळे, म्हणजे गजऱ्यामुळे पण वर्ग ओळखू येतो, एखादी पोरगी माळून आली की सगळ्या खोलीत वास.

आता कासवं. आमच्या तालुक्यात आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला तर याचं काम २००२ पासून चालू आहे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर सुरू केलेलं. थंडीत मादी येऊन वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि परत समुद्रात निघून जाते, अंडी गोळा करून जाळी लावलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुरतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी किंवा संध्याकाळी ती समुद्रात सोडतात. पालकांच्या गाड्यांतून आम्ही भल्या पहाटे गेलो. दोरीच्या अलीकडे सगळी उकिडवी बसली, कुणाला सांगावं पण लागलं नाही की ओरडू नका. पिल्लांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण चालत जातात. एक पिल्लू उलटं वळलं तर आमचं एक पोर हळू आवाजात त्याला म्हणत होतं, “अरे हकडं, हकडं.”

तिथे सांभाळणाऱ्या दादांनी सांगितलं की एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. आणि आमच्या वर्गातली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, एक पोरगी एकदम म्हणाली, “म्हंजे एक किलो काजू!” दादांना काही कळलं नाही, पण बाकी सगळी पोरं हो हो करून हसायला लागली. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. शंभर तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि तिने ते काजूवरून उचलून कासवाला लावलं, याच्यापुढे मला कुठल्याही चाचणीचं पान नको. घरट्यातली वाळू जास्त तापली तर जास्त माद्या जन्मतात हे पण त्यांनी सांगितलं, ते आमच्या पोरांच्या डोक्यावरून गेलं. पण “त्यांची आई कुठाय?” हा प्रश्न परत येताना गाडीत संपतच नव्हता. ती समुद्रात आहे, ती परत येत नाही, पिल्लं एकटीच मोठी होतात. यावर खूप चर्चा झाली, एकाला ते बिलकुल मान्य नव्हतं.

काही पालकांना वाटतं की हे सगळं खेळणंच चाललंय, अभ्यास कधी. मी समजू शकते, त्यांना इंग्लिश मिडीयमची शेजारची पोरं रोज चार पानं गृहपाठ करताना दिसतात. पण २०२१ साली केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं त्याचं म्हणणं तरी काय आहे, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे. त्यातला “समजून” हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. धडा पाठ म्हणून दाखवणारं पोर मी खूप बघितलंय, त्याला मधलीच एक ओळ बोट ठेवून वाचायला सांगा, थांबतं. म्हणून मी पालकांना एवढंच सांगते की घरी दुकानाची पाटी, एसटीचा बोर्ड, साबणाचं कव्हर, काहीही वाचायला द्या, आणि बाजारात काजू विकायला जाल तेव्हा पोराला बरोबर न्या, पैसे त्याला मोजू द्या.

एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, जूनमध्ये पहिलीत येणारी पोरं आईबरोबर येतात, नोंदणीपासून भाषा, गणनपूर्व तयारीपर्यंत वेगवेगळे स्टॉल लावतात. भाषेच्या स्टॉलवर मी आमच्याच पहिलीतल्यांना बसवते. शिमग्याच्या वाक्यांचं आम्ही शिवून केलेलं पुस्तक तिथे ठेवलेलं होतं. एक नवीन पोरगं आईच्या मागे लपून बघत होतं, आमच्यातल्या एकाने त्याला हाताला धरून खाली बसवलं, पुस्तक उघडलं, पालखीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, “तुमच्या घरा आली व्हती काय?” तो म्हणाला व्हय. “मग सांग, बाई लिवतील.”