स्वस्तातली बॅरिटोन, नोंद दुसरी: दुखणं मानेचं नव्हतंच

मागच्या नोंदीत ठणकावून लिहिलं होतं की या २७ इंची बॅरिटोनचा, म्हणजे खालच्या स्वरात लावायच्या लांब गिटारचा, नेक (मान) वाकलाय. वाकला होता, नाही असं नाही. पण त्यापायी मी तीन आठवडे नको तिथे पाना फिरवत बसलो.

आधी तारा. आली तेव्हा हिच्यावर साध्या गिटारचाच १०-४६ सेट होता (सगळ्यात बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात), जाड ते बारीक तार बी ते बी स्वरात लावलेला. २५.५ इंची गिटारवरची ई ची तार बी पर्यंत उतरवली की ताण ५६ टक्क्यांवर येतो. इथे स्केल (तारेची वाजणारी लांबी) दीड इंच जास्त, म्हणून ६३ पर्यंत सावरतो, एवढंच. अशा लोंबत्या तारा बझ करणारच, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांना (फ्रेट) लागून खरखरणारच. १४-६८ चा सेट चढवला, तर त्या ताणाने नेक पुढे झुकला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटची फ्रेट बोटाने दाबून सातव्यावर तारेखालची फट, म्हणजे रिलीफ, मोजली: ०.६ मिमी. मला पाव मिमीच्या आसपास हवी होती. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून मागून आणलं, बाइकचे टॅपेट सेट करायचं. झकास चालतं.

ट्रस रॉडला (नेकचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) खणात सापडलेली ३/१६ इंची ॲलन की लावली. जरा सैल बसत होती, म्हटलं चालेल. चाललं नाही, कट्कन घसरली आणि पोटात गोळा आला. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, आणि हे भोक ५ मिमीचं! आतल्या कडा थोडक्यात वाचल्या. योग्य की आणून रात्रीला पाव फेरा, सकाळी माप, असं तीनदा केल्यावर फट ०.२८ वर आली.

तिथेच थांबायला हवं होतं. पण जाड दोन तारांवर दुसऱ्या फ्रेटला बझ राहिला होता. तो लपवायला रॉड परत सैल केला. त्याने ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) चढली, म्हणून सॅडल (तारा खालच्या टोकाला टेकतात ते आधार) खाली घेतले, की बाराव्या फ्रेटच्या पुढे बझ. मग रॉड पुन्हा घट्ट. घाण्याचा बैल बरा, निदान तेल तरी निघतं.

शेवटी जुनं एटीएम कार्ड घेऊन त्याची लांब कड दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर एकदम टेकवून कार्ड उभं धरलं. जाड तारांच्या बाजूला कार्ड डुगडुगलं. तिसऱ्या फ्रेटचं टोक खाचेतून उचललं गेलं होतं, नखाने दाबलं तर खालीवर होत होतं! आजूबाजूच्या लाकडाला मास्किंग टेप, फटीत टाचणीच्या टोकाने पातळ सुपरग्लू, वर लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्प. दुसऱ्या दिवशी बझ गायब. रॉडला हातही लावला नव्हता.

दुसरा गुन्हेगार नट, नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी. नावाला जागला म्हणायचा: खोट याची आणि सोंग नेक वाकल्याचं. मोकळी सहावी तार सुरात, पण पहिल्या फ्रेटवरचा सी १८ सेंट चढा (एका फ्रेटच्या अंतराचे १०० सेंट). तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर फट बघितली. कागद जेमतेम सरकावा तिथे चक्क अर्धा मिमी. ६८ ची तार त्या अरुंद खाचेत उतरलीच नव्हती, वरच अडकून बसलेली. ट्यून करताना टिंग् करून स्वर उडी का मारायचा तेही कळलं. नटच्या कानशी महाग, म्हणून ५६ च्या जुन्या तारेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाच घासली. चार घास, तार बसवा, मोजा, परत चार घास. अख्खा रविवार गेला. जास्त घासलं असतं तर नवा नट करत बसावं लागलं असतं, त्यामुळे इथली चिकाटी मला मंजूर आहे.

आता ॲक्शन बाराव्या फ्रेटवर जाड बाजूला २.२, बारीक बाजूला १.७ मिमी. रिलीफ परत ०.२८. सहावी तार मात्र बाराव्या फ्रेटवर अजून ६ सेंट चढी, आणि तिचा सॅडल मागे टेकलेला. मागची स्प्रिंग अर्धी कापून थोडी जागा होते का, ते येत्या रविवारी बघतो.