माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन

आमच्या पाहुण्यारावळ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे की २०२२ च्या जूनमध्ये माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पुण्याला न्यावं लागलं, अंगावर काढल्यामुळे फार वाढलं होतं, पोरगी त्यातच वाळली. ही सगळी गोष्ट आईनं रचलेली. खरं ऑपरेशन स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं होतं, म्हणजे जठराचा जवळजवळ पाऊण भाग कापून काढला. मी तेव्हा १७ वर्षांची होते. उंची १५८ सेंटीमीटर, वजन ११२ किलो, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.४, मधुमेहाच्या घरातली. रात्री झोपेत श्वास अडकायचा, त्यामुळे बारावीच्या वर्गात पहिल्याच तासाला मान खाली पडायची.

‘वजनाचं ऑपरेशन केलेली’ म्हटलं की लग्नाला अडचण, हे आईचं गणित. पप्पांनी सही केली, कारण १८ च्या आत पालकांची सही लागते आणि डॉक्टरांनी त्यांना साखरेचं पुढे काय होऊ शकतं ते स्पष्ट सांगितलं होतं. विमा मिळाला नाही, त्यांच्या नियमात अशा ऑपरेशनसाठी वय १८ पूर्ण लागतं. उसाचं बिल गेलं, आईच्या दोन पाटल्या गेल्या. त्यामुळे घरच्यांची साथ नव्हती असं म्हणताना मलाच अडखळायला होतं. आई तीन रात्री दवाखान्यातल्या बाकावर झोपली होती. पण आम्ही कराडला परत आलो, टाके सुकले आणि त्यांच्या लेखी विषय संपला. माझा तिथून सुरू झाला.

ऑपरेशनआधी समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, “घरी स्वयंपाक कोण करतं? त्यांना नंतरचं हे सगळं पथ्य माहीत आहे ना?” मी म्हटलं, हो, आईला सगळं माहीत आहे, ती करणार आहे. चक्क खोटं. खरं सांगितलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील अशी भीती होती. आज वाटतं, तेव्हा बोलले असते तर त्यांनी आईला समोर बसवून तास-दोन तास समजावलं असतं. तो तास मीच घालवला.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असा तक्ता होता. पातळ आमच्याकडे सोपं. मुगाचं कढण, गाळलेलं ताक, हुलग्याचं माडगं. अडचण आली ती ताटावर बसायला लागल्यावर. माझ्या जठरात आता जेमतेम एक वाटी मावत होती, आणि आमच्या घरात ताटात अन्न टाकणं म्हणजे पाप. आजी माळकरी. मी चार घास खाऊन थांबले की ती माझ्या ताटाकडे बघत बसायची, बोलायची काहीच नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मी ताट सोडलं आणि लहानपणची चांदीची वाटी काढली. त्यातच जेवायचं, वाटी संपवायची, धुवून पालथी घालायची. टाकायला काही उरतच नाही म्हटल्यावर आजी गप्प झाली. आहारतज्ज्ञ बाईंचा नियम होता: आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. त्यामुळे मी वरणाच्या पातेल्यातली खालची घट्ट डाळ आधी काढून घ्यायचे. त्यावरून भाऊ रोज भांडायचा. पोळी मला जमायचीच नाही, छातीत बोळा बसल्यासारखी अडकायची. दुधात कुस्करलेली भाकरी उतरायची. आणि जेवताना पाणी बंद, अर्धा तास आधी नाही, अर्धा तास नंतर नाही. हे आमच्याकडे कुणालाच पटलं नाही. “पाण्याशिवाय घास उतरतो का?” असं म्हणत आई तांब्या पुढे सरकवायचीच.

अपेंडिक्सच्या गोष्टीची किंमत डिसेंबरात चुलतबहिणीच्या लग्नात कळली. अपेंडिक्सवाल्या मुलीनं सहा महिन्यांनी नीट जेवायला हवं ना! पंगतीत काकू पुरी वाढायला आल्या, मी हात आडवा धरला, तर “आता कसलं गं पथ्य?” आई शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मी पुरी खाल्ली, भराभर खाल्ली, वर मठ्ठा प्यायले. दहा मिनिटांत कार्यालयाच्या मागच्या मोरीपाशी मी पांढरा फेस ओकत उभी होते. त्या दिवशी आईवर जो राग आला तो अजून पूर्ण गेलेला नाही. पण त्यानंतर मी एक वाक्य पाठ केलं, “डॉक्टरांनी आतडं जपायला सांगितलंय.” आतड्याला लोक मान देतात.

खरी पडझड मात्र गोळ्यांवरून झाली. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व, बी-१२. सगळं मिळून महिन्याला बाराशे-पंधराशे रुपये, आणि तेही आयुष्यभर. सहा महिने पप्पांनी आणून दिल्या. मग म्हणाले, “जन्मभर गोळ्याच खायच्या होत्या तर ऑपरेशन कशाला केलं?” मीही मूर्ख, वजन उतरत होतं, साखर ताळ्यावर आली होती, मला वाटलं चालतंय की. केस गळत होते, पण ते तर चौथ्या महिन्यापासूनच गळत होते आणि भराभर वजन उतरलं की काही महिने गळतात, पुन्हा येतात, असं सांगितलेलं होतं. म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही. तोवर मी पुण्याला बी.एस्सी.ला आले होते. होस्टेलचा जिना चढताना धाप लागायची, तळपायाला मुंग्या यायच्या, आणि मला बर्फ चघळावासा वाटायचा. बर्फ! मेसच्या फ्रीजमधून चोरून आणायचे. रूममेटनं हे पाहिलं आणि तिच्या आशा सेविका असलेल्या आईला फोन लावला. ती माउली म्हणाली, आधी रक्त तपासा.

हिमोग्लोबिन ८.९ आलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६. बी-१२ सुद्धा तळाला. लोह शिरेतून द्यावं लागलं, बी-१२ ची इंजेक्शनं झाली. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की उलट्या थांबत नाहीत असं कधी झालं तर एक दिवसही वाट बघायची नाही, बी-१ कमी पडून मेंदू-नसांवर जातं. नंतर वाचलं, अमेरिकेत वजनाचं ऑपरेशन झालेल्या २४२ किशोरवयीन मुलामुलींवर तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा लोहाचा साठा कमी भरला होता. म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते. ते वाचून उगाच बरं वाटलं.

त्यानंतर घरी गोळ्यांचे पैसे मागणं बंद केलं. होस्टेलजवळच्या दोन आठवीतल्या मुलांना गणित शिकवते, त्याचे तीन हजार येतात. डॉक्टरांना विचारून काही गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेते. लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी आणि रात्री, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या आसपास चहा नाही. मोबाइलला गजर लावलेत. गजराच्या नावात ‘पप्पा’ असं लिहिलंय, हा माझा खासगी विनोद.

मेसच्या काकूंना मात्र पहिल्याच आठवड्यात सगळं खरं सांगितलं. घरात जे बोलता आलं नाही ते एका अनोळखी बाईला कढईपाशी उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, “मग उसळीतली कडधान्यं तुला जास्त घालू, रस्सा कमी?” बस. तेवढंच हवं होतं. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं शाकाहारावर आणि एवढ्याशा पोटात बसवणं हे रोजचं कोडं आहे. चक्का, पनीर, सोयाबीनच्या वड्या, फुटाण्याचं पीठ ताकात कालवून. आणि अंडं. एका अंड्यात सहा ग्रॅम. माळकरी घरातली मी, पहिलं अंडं १८ व्या वर्षी डोळे मिटून खाल्लं. आजीला हे अजून माहीत नाही. घरात खोटं बोलणारी आई एकटीच नाही.

मासिक पाळी पूर्वी तीन-तीन महिने यायची नाही, ती नियमित झाली. पण पोटात दुखतं म्हणून औषधाच्या दुकानात गोळी मागितली की ते झटकन मेफेनॅमिक ॲसिडवाली पट्टी काढून देतात. मी परत करते आणि साधी पॅरासिटामॉल मागते. त्या वेदनाशामकांनी जठराला जखम होऊ शकते, आणि माझ्याकडे जखमा करून घ्यायला जठर उरलंय कुठं?

वजन ७६ पर्यंत उतरलं होतं, आता ८१ आहे. कारण मला ठाऊक आहे: चहात बुडवलेली बिस्किटं. पोळी अडते, उसळ दोन घासांत पोट भरते, पण भिजलेलं बिस्किट अडतच नाही, आख्खा पुडा सरकन खाली जातो. परीक्षेच्या दिवसांत तर हमखास. आहारतज्ज्ञ बाईंना ते लाजत सांगितलं, तर म्हणाल्या, पुडा खोलीत ठेवू नकोस, खाली टपरीवर जाऊन दोनच खा. दोन जिने उतरायचा कंटाळा माझ्या कामी येतो.

गेल्या महिन्यात दिवाळीला घरी होते. सांगलीच्या मावशीचा फोन आला. तिच्या मुलाचं अपेंडिक्स काढायचं ठरलं होतं, म्हणून तिनं मुद्दाम माझ्याशी बोलायला मागितलं. “तुला किती दिवस पथ्य होतं गं? जेवायला काय काय द्यायचे?” आई समोर चकल्या तळत होती. तिचा झारा हवेतच थांबला.

मी म्हटलं, “मावशी, माझं अपेंडिक्स अजून पोटातच आहे.”

पलीकडून बराच वेळ नुसत्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. इकडे आईनं गॅस बारीक केला, हात पदराला पुसला आणि फोनसाठी हात पुढे केला. “दे,” म्हणाली, “मी सांगते तिला.”