तेरा नंबरचा तुकडा

गेल्या वर्षी शाळेच्या बँडसाठी पैसे उभे करायला भरतो त्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून नॉर्वेचा एक लाकडी नकाशा आणला. जोडकोडं आहे ते. एकेक तुकडा म्हणजे एकेक फिल्के, म्हणजे इथला जिल्हा म्हणा किंवा प्रांत म्हणा. तुकड्यांच्या पाठीवर आधीच्या मालकाने पेन्सिलने नंबर घातलेले होते. घरी आल्यावर मुलाने ते मांडून मोजले. तुकडे भरले १९ आणि शेवटचा नंबर निघाला २०. तेरा नंबर कुठेच नव्हता. सोफ्याखाली पाहिलं, पिशवी उलटी केली, गाडीच्या डिकीत बॅटरी मारून शोधलं. मुलगा अगदी रडवेला झाला. मग म्हटलं, असेल तेवढा जोडून तर बघू. जोडला, तर नकाशा पूर्ण! कुठेही भोक नाही.

शेजारच्या आजी केक घेऊन आल्या होत्या. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "तेरा म्हणजे बेर्गेन. ते १९७२ सालीच होर्डालान्डमध्ये गेलं. नंबर तेवढा रिकामा राहिला."

म्हणजे बेर्गेन शहर तोवर स्वतःच एक फिल्के होतं. ते शेजारच्या होर्डालान्डमध्ये विलीन झालं, पण १४ पासून पुढचे नंबर कुणी सरकवले नाहीत. १२ नंतर थेट १४. मी नऊ वर्षं या देशात राहते, पण हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून या सीमांचा नाद लागला आहे.

नाद लागायला घरचंच कारण आहे. आम्ही द्रामेनला राहतो, आल्यापासून एकाच घरात. मी सार्वजनिक दंतसेवेत काम करते आणि ही सेवा फिल्केच्या कारभारात येते, दहावीनंतरच्या शाळा, जिल्हा रस्ते आणि बससेवा येतात तशीच. त्यामुळे माझ्या खणात नावाचे तीन बिल्ले आहेत. पहिल्यावर बुस्केरुड, दुसऱ्यावर विकेन, तिसऱ्यावर पुन्हा बुस्केरुड. द्रामेनचा सरकारी क्रमांकसुद्धा ०६०२ होता, त्याचा ३००५ झाला आणि आता ३३०१ आहे. घराच्या कागदावर जमिनीच्या नंबरआधी हा क्रमांक येतो. आम्ही भिंतीला रंगही दिला नाही आणि पत्ता दोनदा बदलला.

या विभागांची मुळं डॅनिश राजवटीत आहेत. १६६० नंतर राजाच्या हाती सगळी सत्ता आली आणि १६६२ मध्ये 'लेन' या जुन्या विभागांऐवजी 'आम्त' आले. आम्त म्हणजे राजाच्या अधिकाऱ्याचा मुलूख. लोकांनी निवडलेलं त्यात काहीच नव्हतं. नावंही तशीच, वरून आलेली. एका आम्ताला राजाचं नाव, ख्रिश्चन्स आम्त. एकाला दोन सरदारी जहागिरींचं नाव, यार्ल्सबर्ग ओ लार्विक. आमचं बुस्केरुड हे मोदुममधल्या एका वाड्याचं नाव आहे. एका घराचं नाव वाढत वाढत डोंगरांपर्यंत पोचलं!

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि स्वतःची नावं हवीत ही ओढ जोर धरत गेली. १ जानेवारी १९१९ रोजी सगळे आम्त 'फिल्के' झाले. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, 'फोल्क' म्हणजे लोक या शब्दाच्या कुळातला. ख्रिश्चन्स आम्त ओप्लान झालं, यार्ल्सबर्ग ओ लार्विकचं वेस्टफोल्ड झालं, ब्रात्सबर्गचं टेलेमार्क. मला हे वर्ष फार आवडतं. सीमा जवळजवळ होत्या तिथेच राहिल्या, पण अधिकाऱ्याच्या मुलखाला लोकांचं नाव मिळालं. फिल्केची सभा लोक थेट निवडू लागले ते मात्र बऱ्याच उशिरा, १९७५ मध्ये.

आणि मग आलं विकेन.

२०१७ मध्ये स्टोर्टिंगने, म्हणजे इथल्या संसदेने, ठरवलं की फिल्के कमी करायची. मोठी झाली तर राज्याकडची जास्त कामं त्यांना देता येतील, असा विचार होता. सोर आणि नोर त्र्योन्देलाग २०१८ मध्येच एक झाले आणि तिथे फारशी खळखळ झाली नाही, कारण १८०४ पर्यंत ते एकच होते. १ जानेवारी २०२० ला बाकीची जोडाजोडी झाली आणि १८ ची ११ उरली. बुस्केरुड, आकेर्सहूस आणि ओस्टफोल्ड मिळून विकेन झालं. ५१ नगरपालिका, बारा लाखांवर लोक, आणि मधे बेटासारखं वेगळं ओस्लो. स्वीडनच्या सीमेवरच्या हाल्डेनपासून पार हार्डांगरच्या पठारावरच्या होलपर्यंत एकच कारभार. 'विकेन' हे ओस्लोच्या खाडीभोवतालच्या किनाऱ्याचं वायकिंगांच्या काळातलं नाव. होलच्या माणसाला खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात, त्याला खाडीचं नाव आपलं वाटणार कसं?

उत्तरेला तर जास्तच दुखलं. फिनमार्क हे अख्ख्या डेन्मार्कपेक्षा मोठं आणि माणसं जेमतेम ७५ हजार. २०१८ च्या मे महिन्यात तिथे सार्वमत झालं आणि ८७ टक्के लोकांनी त्रोम्सशी जोडायला नकार दिला. तरी जोडलं. फिनमार्कमधल्या वाडसोहून त्रोम्समधल्या त्रोम्सोला जायचं तर अख्खा दिवस गाडी हाकावी लागते. मला या आकड्याचा आजही राग येतो. विचारायचं, आणि शंभरातले सत्त्याऐंशी 'नको' म्हणाले तरी पुढे रेटायचं, हे बरं नव्हतं.

विकेनच्या सभेत २०१९ च्या निवडणुकीनंतर जे बहुमत आलं, त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आम्हाला हे फिल्के मोडायचं आहे. सरकार बदललं, जून २०२२ मध्ये स्टोर्टिंगने मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२४ ला विकेनची पुन्हा तीन, वेस्टफोल्ड-टेलेमार्कची दोन, त्रोम्स-फिनमार्कची दोन फिल्के झाली. आता एकूण १५ आहेत. मोडलं ते योग्यच झालं असं मी मानते. चूक २०१७ मध्ये झाली होती. पण विकेनच्या चार वर्षांत ओस्टफोल्डमधल्या सार्प्सबोर्गच्या ज्या बायकांबरोबर मी बैठकांना बसले, करोनात कुठल्या मुलांच्या दातांची तपासणी आधी करायची याच्या याद्या केल्या, त्या आता दुसऱ्या फिल्केच्या झाल्या. त्यांची आठवण येते.

शिवाय सगळं जुन्या जागी गेलं असंही नाही. स्वेल्विक गाव पूर्वी वेस्टफोल्डमध्ये होतं. २०२० मध्ये ते द्रामेन नगरपालिकेत आलं, म्हणून आता बुस्केरुडमध्ये आहे. खाडीच्या पलीकडचं हुरुम बुस्केरुडचं होतं, ते आस्केरमध्ये गेलं आणि त्यामुळे आता आकेर्सहूसमध्ये आहे. उन्हाळ्यात आम्ही स्वेल्विकहून पलीकडच्या वेर्केतची फेरीबोट घेतो. गाडी बोटीवर चढवून हँडब्रेक ओढेपर्यंत पलीकडचा धक्का येतो, इतकी ती सामुद्रधुनी अरुंद. पूर्वी ही बोट वेस्टफोल्डमधून बुस्केरुडला जायची. विकेनच्या काळात दोन्ही काठ एकाच फिल्केत होते. आता ती बुस्केरुडमधून आकेर्सहूसला जाते. पाणी तेच, बोटीच्या वेळाही जवळपास त्याच. आणि या सगळ्यावर देखरेख करणारं राज्याचं कार्यालय, स्टाट्सफॉर्वाल्टर, तीन फिल्के आणि ओस्लो मिळून अजून एकच आहे.

माझी मुलगी २०२१ ची, विकेनमध्ये जन्मलेली. परवा तिने नकाशा समोर घेऊन विचारलं, "माझा तुकडा कुठला?" दादाने नंबर १, २ आणि ६ शोधून एकमेकांना लावून दिले आणि मधे ओस्लोचा ३ बसवला. मग तो आजींकडे पेन्सिल मागायला गेला, कारण सातव्या तुकड्यावरचं स्वेल्विक त्याला सहाव्यावर हलवायचं होतं. आजी म्हणाल्या, "हलकी रेघ मार, बाळा. खोडता आली पाहिजे."