आमची वाटचाल : भंगारात गेलेले आवाज

आमच्या कार्यशाळेतलं लांब टेबल पहिल्या दिवसापासून तेच आहे. त्यावर किती जूनो, किती डीएक्स-७ (दोन्ही ऐंशीच्या दशकातले सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), किती टेप मशीन उघडली गेली याची नोंद आम्ही ठेवली नाही. टेबलाच्या डाव्या कडेला सोल्डरिंग आयर्नने जळून काळा झालेला एक पट्टा आहे, तीच आमची नोंदवही. जुनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि टेप मशीन दुरुस्त करायची आणि रेकॉर्डिंगसाठी भाड्याने द्यायची, हा आमचा व्यवसाय. आज नव्या गाण्यांत ऐंशीच्या दशकाचा आवाज सर्रास ऐकू येतो. पण मधल्या वर्षांत, हे आवाज कुणालाच नको होते तेव्हा, ते कुणी चालू ठेवले हे कुठे लिहिलेलं दिसत नाही. म्हणून मी लिहायला बसलो.

सुरुवात दोघांनी केली. मी सर्किटवाला, भागीदार टेपवाला. टेप वाचणाऱ्या हेडचा अझिमथ, म्हणजे टेपशी असलेला कोन, लावताना तो मीटरकडे बघायचाच नाही. डोळे मिटून स्क्रू केसभर फिरवायचा आणि वरचे सूर उघडले की थांबायचा. मग मी दोन्ही चॅनेल ऑसिलोस्कोपला, म्हणजे लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, लावायचो, तर पडद्यावर तिरकी रेषा एकसंध, म्हणजे दोन्ही चॅनेल जुळलेले. इतक्या वर्षांत मला त्याचा हात एकदाच दुरुस्त करावा लागला, आणि त्या दिवशी त्याला ताप होता.

आमच्या पहिल्या काही गिऱ्हाइकांपैकी एक बाई होत्या, संगीतकार, कीबोर्ड वाजवणाऱ्या. त्यांच्याकडे १९८४ चा जूनो-१०६ होता. या वाद्याची गोम धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. एका वेळी सहा सूर वाजवणारे सहा आवाज, प्रत्येकाला एक ८००१७ए चिप, आणि त्या चिपवर काळ्या इपॉक्सीचं आवरण. वय झालं की आवरणातूनच करंट गळायला लागतो. वाजवताना दर सहावा सूर करकरतो किंवा येतच नाही. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा सहापैकी तीन आवाज गेलेले होते. चिप काढून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायची, आवरण मऊ पडलं की अलगद सोलायचं आणि परत डाख द्यायचा, हा उपाय आम्ही त्यांच्याच वाद्यावर शिकलो. पहिली चिप आमच्या हातून मेली. त्या रागावल्या नाहीत. "दुसरी करा," एवढंच म्हणाल्या. पुढे वाईट काळात त्या आमच्यासाठी जे उभ्या राहिल्या, त्याचं मूळ मला त्या दोन शब्दांत दिसतं.

वाईट काळ आला तो संगणकातून. १९९६ मध्ये व्हीएसटी, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमला इफेक्ट जोडायचं तंत्र, आलं आणि काही वर्षांत वाद्यंच संगणकात शिरली. १९९७ च्या रीबर्थ या प्रोग्रॅममध्ये रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बास) आणि टीआर-८०८ (ड्रम) या दोन्ही यंत्रांची नक्कल पडद्यावर मिळू लागली. स्टुडिओवाल्यांना जागा अडवणारं चोवीस ट्रॅकचं टेप मशीन नकोसं झालं. जी यंत्रं आम्ही महिना महिना राबून उभी केली होती, ती लोक आमच्याच दारात आणून सोडायचे आणि म्हणायचे, ठेवा, नाहीतर भंगारात जाईल. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेतल्या क्वांटेजी कंपनीने टेप बनवायचा कारखाना बंद केल्याची बातमी आली, तेव्हा भागीदार दिवसभर बोलला नाही. पुढे कारखाना पुन्हा चालू झाला खरा, पण त्या दिवशी आमच्याकडे कोऱ्या टेपची सात रिळं होती. ती त्याने मोजली आणि कपाटाला कुलूप लावलं.

त्याच वर्षी तो भागीदारीतून बाहेर पडला. भांडण नव्हतं. घर चालवायचं होतं, त्याने नोकरी धरली. पण दर रविवारी सकाळी यायचा, टेप मशीनची हेड पुसायचा, रोलर हाताने फिरवून बघायचा आणि निघून जायचा. पैशाचा विषय त्याने कधी काढला नाही. मी काढला तेव्हा किल्ली मागितली, म्हणाला, तू नसलास तरी मला येता यायला हवं.

सगळ्यात खोल जखम मात्र बाजाराने दिली नाही, ती एका प्रतिस्पर्ध्याने दिली. नाव लिहिणार नाही. वाद्यांचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचे संच विकणारा हा माणूस आमच्याकडे आला आणि एका अल्बमसाठी म्हणून जूनो, एक स्पेस एको (टेपवर प्रतिध्वनी देणारं यंत्र) आणि एक मिनीमूग (जुना सिंथेसायझर) आठवडाभर भाड्याने घेऊन गेला. त्या महिन्यातलं ते एकमेव काम होतं, मी आनंदाने दिलं. वाद्यं वेळेवर परत आली, पुसून आली. दीड वर्षाने त्याचा नवा संच बाजारात आला. आमच्या यंत्रांची प्रत्येक पट्टी त्याने रेकॉर्ड केली होती. आमचं नाव कुठेही नव्हतं.

तुम्ही विचाराल, आमचीच यंत्रं कशावरून? आमच्या त्या जूनोचा पाचवा आवाज इतरांपेक्षा किंचित उशिरा उघडतो. चिप चांगली आहे, तरी उघडतो. मी तो दोष मुद्दाम तसाच ठेवला होता, कारण सहा सूर एकत्र धरले की त्यामुळे सुरावटीला श्वास घेतल्यासारखं होतं. संचातल्या त्या सुरावटीत तोच श्वास होता. पुढे दोन नव्या, गाजलेल्या गाण्यांत मी तो ऐकला. एकदा तर गाडी कडेला घेऊन थांबलो आणि गाणं संपेपर्यंत तसाच बसून राहिलो. सिद्ध काही करता येत नाही. वाद्याच्या नुसत्या आवाजावर कुणाचा हक्क नसतो, असं वकिलाने सांगितलं. तेव्हापासून आमच्या भाडेपत्रात एक कलम आहे : स्वतंत्र पट्ट्यांचं रेकॉर्डिंग करून विकायचं नाही. जो कुणी वाद्य भाड्याने देत असेल, त्याने हे कलम आजच घालावं. ओळखीच्या माणसाला देताना तर नक्कीच.

त्या काळात बाईंनी दोन पूर्ण अल्बम आमच्या यंत्रांवर केले. त्यांना संगणकावर ते फुकट करता आलं असतं. त्या कामाच्या जोरावर जागेचं भाडं निघालं. बाकी कुणी आम्हाला तगवलं असं म्हणता येणार नाही.

नंतरची बरीच वर्षं चांगली गेली. त्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, काम येत राहिलं.

मात्र हे आवाज परत का आले, याबद्दल माझं मत ठाम आहे. परत आलं ते दशक नाही, परत आले त्या दशकातल्या यंत्रांचे दोष. १९८० ची टीआर-८०८ घ्या. तिचा तो चरचरीत आवाज निघतो मापात न बसणाऱ्या, नाकारलेल्या ट्रान्झिस्टरमधून. रोलँडने ते मुद्दाम निवडून वापरले, आणि तसे मिळेनासे झाले तेव्हा यंत्रच बंद केलं. सुमारे बारा हजार नग निघाले असतील. टीबी-३०३ बनवली होती एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून. तिचा आवाज खऱ्या बाससारखा नव्हताच, १९८४ मध्ये ती बंद पडली. वापरलेली यंत्रं कवडीमोलाने विकली गेली आणि ज्यांच्याकडे दुसरं काही घ्यायला पैसे नव्हते अशा पोरांच्या हातात पडली. शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७ मध्ये तिची बटणं वाजता वाजता पिळली, आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाची नृत्यसंगीताची अख्खी शैली उभी राहिली. ऐंशीच्या ड्रमचा तो एकदम कापल्यासारखा धडाका आठवा. तोही एका सोयीच्या उपकरणातून निघाला. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, फिल कॉलिन्स ड्रमवर असताना, वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी टांगलेला माइक उघडा राहिला होता. त्यावर आवाज दाबणारा जबरदस्त कॉम्प्रेसर होता. ध्वनिमुद्रक ह्यू पॅजॅमच्या कानाने तो क्षण पकडला.

चरणजित सिंग यांचं उदाहरण तर मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला देतो. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारा हा वादक. त्यांनी १९८२ मध्येच ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. शिकागोच्या पाच वर्षं आधी. तेव्हा फारसं कुणी घेतलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभरच्या लोकांनी कान टवकारले. ते २०१५ मध्ये गेले. पाच वर्षं का होईना, त्यांना ते पाहता आलं, याचं मला फार बरं वाटतं.

तेव्हा नवी मुलं आमच्याकडे येऊन "ऐंशीचा आवाज द्या" म्हणतात, तेव्हा मी आधी विचारतो, कुठल्या यंत्राचा? डीएक्स-७ चा काचेसारखा पियानो आणि जूनोची गरम सुरावट एकाच दशकातली, पण एकाचं गणित दुसऱ्यात नाही. डीएक्स-७ एफएम पद्धतीने, म्हणजे एका लहरीने दुसरी लहर हलवून, सूर घडवते, जूनो फिल्टरने कापून. दोन्हीचा मारा केला की ऐकणाऱ्याच्या हाती नुसता मेकअप लागतो. त्या काळच्या माणसांकडे एक वाद्य, सहा आवाज आणि मोजके ट्रॅक होते. त्या तंगीत त्यांनी जागा रिकामी सोडली. तुम्ही यंत्र आणता, पण रिकामी जागा आणत नाही. ही माझी तक्रार मी प्रत्येकाला सांगतो, काही जण ऐकतात.

आणि कुणाच्या घरी असं वाद्य वर्षानुवर्षं बंद पडून असेल, तर कृपा करून थेट प्लग लावून बघू नका. आतले कंडेन्सर सुकलेले असतात. व्हेरियॅकने (व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवा किंवा जाणकाराकडे न्या. मेमरीची बॅटरी फुटण्याआधी बदला, पण जूनो असेल तर आधी साठवलेले आवाज टेपवर उतरवून घ्या, नाहीतर ते कायमचे जातील. काढलेला मूळ सुटा भाग फेकू नका, पाकिटात घालून वाद्यातच ठेवा.

अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल तबकड्या सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच. तो आकडा मी कागदावर लिहून भागीदाराला दाखवला. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याच महिन्यात तो नोकरीतून निवृत्त झाला, आणि आता रविवारीच नाही, रोज येतो. हात थोडे थरथरतात, पण अझिमथ अजून तोच लावतो.

आज बाईंची १९८४ ची एक टेप आली आहे. एका तरुण संगीतकाराला तिच्यातला जूनोचा एक तुकडा नव्या गाण्यात घ्यायचा आहे, आणि बाईंनी परवानगी देताना अट घातली की उतरवायचं काम आमच्याकडेच व्हावं. टेपचा लेप ओल धरून चिकट झाला आहे. तशीच चालवली तर हेडवर खरवडून निघेल. म्हणून ती ५४ अंशांवर ओव्हनमध्ये आहे, आठ तासांसाठी. त्यानंतर काही आठवडेच ती नीट वाजेल, तेवढ्यात पूर्ण उतरवून घ्यावी लागेल. अजून तीन तास आहेत. भागीदाराने हेड पुसून ठेवली आहेत आणि तो खुर्ची ओढून मशीनसमोर बसला आहे.